मूळ रिम तीच ठेवून टायरचे माप निवडताना

टायर बदलायला आलेला गाडीमालक दुकानदाराला बहुधा दोनच गोष्टी विचारतो: कोणत्या कंपनीचा चांगला आणि कितीला पडेल. मापाचा विषय निघालाच तर तो "यापेक्षा जरा मोठा बसतो का?" अशा प्रश्नातून निघतो. मराठवाड्यात या प्रश्नामागची कारणेही ठरलेली आहेत. गावात शिरताना गतिरोधकावर गाडीचे पोट घासते, शेताकडे जाणाऱ्या पाणंदीत चाके रुततात, आणि जालना व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतून समृद्धी महामार्ग गेल्यापासून वेगात गाडी "बसून" चालावी, अशीही अपेक्षा असते. रुंद टायरमुळे गाडी दिसते छान, हे कारण सहसा कोणी बोलून दाखवत नाही, पण तेही असतेच.

रिम बदलायची नसेल, म्हणजे कारखान्यातून गाडीबरोबर आलेलीच डिस्क किंवा अलॉय कायम ठेवायची असेल, तर टायरचे माप बदलायला फार थोडी जागा उरते. रिमचा व्यास आणि रिमची रुंदी हे दोन आकडे लोखंडात पक्के झालेले असतात, आणि टायरला त्यांच्या आतच राहावे लागते. म्हणून पहिली निवड मूळ मापाची, दुसरी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकारात कंपनीनेच त्याच रिमवर दिलेल्या मापाची, आणि या दोन्ही वाटा बंद असतील तरच तिसरे माप शोधावे. ते कागदावर हिशेब करून शोधावे आणि शक्यतो घरी बसून शोधावे, कारण गाडी जॅकवर चढल्यानंतर जे माप दुकानात पडून असते तेच आपल्या गाडीला "एकदम फिट" असल्याचे कळते.

मूळ माप कोठे पाहावे

सध्या गाडीवर असलेला टायर पाहून मूळ माप ठरवू नये. जुनी गाडी घेतली असेल तर हे विशेष लक्षात ठेवावे. आधीच्या मालकाने काय चढवले होते, कशासाठी चढवले होते, याचा पत्ता नसतो, आणि तेच माप पुढचा मालक मूळ समजून पुन्हा बसवतो. ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर चौकटीच्या खांबावर, किंवा काही गाड्यांत डिझेल-पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, एक स्टिकर असतो. त्यावर टायरचे माप आणि पुढच्या-मागच्या चाकांतली हवा दिलेली असते. स्टिकर निघून गेला असेल तर गाडीबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तिकेत हीच माहिती सापडते. एकाच मॉडेलच्या स्वस्त आणि महाग प्रकारांत मापे वेगळी असू शकतात, हेही तेथेच कळते. स्विफ्ट आणि डिझायर या गाड्यांत अनेक वर्षे खालच्या प्रकारांना १६५/८० आर १४ आणि वरच्या प्रकारांना १८५/६५ आर १५ अशी दोन मापे येत होती. ही दोन मापे एकमेकांच्या जागी चालावीत म्हणून निवडलेली आहेत, पण प्रत्येकाची रिम वेगळी आहे. चौदा इंची रिमवर पंधरा इंची टायर चढत नाही, तेव्हा आपल्या प्रश्नाला ही जोडी थेट उपयोगी पडत नाही. मात्र कंपनी माप बदलताना काय कायम ठेवते, हे तिच्यावरून चांगले समजते.

टायरच्या अंगावर १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिलेले असते तेव्हा १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी असते. ही रुंदी दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या फुगवट्यापर्यंतची असते, जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याची नव्हे. ६५ हा आकडा मिलिमीटरचा नाही. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आहे, एवढेच तो सांगतो. आर म्हणजे रेडियल बांधणी, १५ म्हणजे रिमचा इंचातला व्यास, ८८ हा भार-निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, आणि एच हे वेगाचे चिन्ह. गोंधळ होतो तो दुसऱ्या आकड्यात. ही टक्केवारी असल्यामुळे रुंदी बदलली आणि आकडा तोच ठेवला तरी भिंतीची उंची बदलते. १८५/६५ ची भिंत १२०.२५ मिलिमीटर, तर १९५/६५ ची १२६.७५ मिलिमीटर भरते.

व्यासाचा हिशेब

मापाच्या निवडीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा टायरवर कोठेच छापलेला नसतो. तो म्हणजे टायरचा एकूण व्यास. रिमच्या इंचांना २५.४ ने गुणावे, भिंतीची उंची दुप्पट करून त्यात मिळवावी, की व्यास मिळतो. १८५/६५ आर १५ साठी १५ गुणिले २५.४ म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात दोन भिंतींचे २४०.५ मिळवले की ६२१.५ मिलिमीटर. वर सांगितलेल्या १६५/८० आर १४ साठी रिमचे ३५५.६ आणि दोन भिंतींचे २६४ मिळून ६१९.६ मिलिमीटर. रिम एक इंचाने मोठी झाली, टायर वीस मिलिमीटरने रुंद झाला, तरी एकूण व्यासात दोन मिलिमीटरचाच फरक पडला. कंपनीने जपलेली गोष्ट ती हीच.

व्यास जपायचा कारण गाडीतल्या कितीतरी गोष्टी चाकाच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते यावर अवलंबून असतात. वेगाचा काटा, किलोमीटरचा आकडा, गिअरची ओढ, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि घसरण रोखणाऱ्या यंत्रणांचे हिशेब, हे सगळे त्यावर चालते. काही गाड्यांत हवा कमी झाल्याची सूचनासुद्धा चाकांच्या फेऱ्यांची तुलना करूनच दिली जाते.

आता याच १५ इंची रिमवर लोक कोणती मापे मागतात ते पाहू. १९५/६५ चा व्यास ६३४.५ मिलिमीटर होतो, म्हणजे मूळ मापापेक्षा सुमारे २.१ टक्के जास्त. २०५/६५ चा ६४७.५, म्हणजे जवळजवळ ४.२ टक्के जास्त. उलट दिशेने १८५/६० घेतला तर ६०३, म्हणजे तीन टक्के कमी. १९५/६० घेतला तर ६१५, म्हणजे जेमतेम एक टक्का कमी. टायरच्या धंद्यात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असे मानण्याचा प्रघात आहे. माझ्या मते वाढीच्या बाजूने दोन टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, आणि कारण सरळ आहे. कारखान्यातून आलेला वेगाचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. मोठ्या व्यासाचा टायर ही सुरक्षित बाजू खाऊन टाकतो. काटा अचूक आहे असे धरले तर २०५/६५ च्या टायरवर काटा १२० दाखवत असताना गाडी १२५ ने धावत असते. समृद्धीवर हलक्या गाड्यांना १२० ची मर्यादा आहे, आणि दंडाची पावती खऱ्या वेगावर फाटते, काट्यावर नाही.

व्यास वाढल्याने गाडीची उंची वाढते हे खरे, पण ती वाढीच्या निम्म्यानेच वाढते. १९५/६५ बसवून गाडी साडेसहा मिलिमीटर उंच होते, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीइतकी. गतिरोधकावर पोट घासणाऱ्या गाडीची तक्रार एवढ्याने मिटत नाही. चार माणसे आणि सामान भरल्यावर थकलेली मागची स्प्रिंग गाडीला याच्या कितीतरी पट खाली बसवते, आणि तक्रारीचे मूळ बहुधा तेथे असते. टायर बदलण्याआधी स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर पाहून घेतले तर मोठ्या मापाचा विचार पुष्कळदा आपोआप मागे पडतो.

मोठ्या व्यासाचा दुसरा परिणाम चढावर दिसतो. प्रत्येक गिअर थोडा लांब झाल्यासारखा वागतो, म्हणून कन्नडच्या औट्रम घाटात भरलेली गाडी आधी तिसऱ्या गिअरमध्ये चढत असेल तर आता दुसरा टाकावा लागतो आणि क्लचवर ताण येतो. छोट्या पेट्रोल इंजिनाच्या गाडीत हे लगेच जाणवते, मोठ्या डिझेल गाडीत कमी.

आता एक फसवी जागा. रुंद टायर म्हणजे मोठा टायर, असे बहुतेकांना वाटते. १६५/८० आर १४ वाल्या गाडीला दुकानात कित्येकदा १७५/७० आर १४ सुचवला जातो आणि मालक "दहा एमएम जास्त मिळाले" म्हणून खूश होतो. हिशेब केला तर १७५/७० चा व्यास ६००.६ मिलिमीटर निघतो. मूळ ६१९.६ होता. म्हणजे टायर रुंद झाला, पण १९ मिलिमीटरने बुटका झाला. गाडी साडेनऊ मिलिमीटर खाली आली, वेगाचा काटा आणखी पुढचे दाखवू लागला आणि गाडीने खरे ९७ किलोमीटर कापले की मीटरवर १०० उमटू लागले. किलोमीटरवर भाडे घेणाऱ्याला ते आवडेल कदाचित, पण सर्व्हिसिंगही तितक्याच लवकर येईल. त्याच रिमवर १८५/७० आर १४ चा व्यास मात्र ६१४.६ येतो आणि फरक एका टक्क्याच्या आत राहतो. व्यासाच्या कसोटीवर हा टायर उतरतो. तेवढ्यावर तो घ्यावा असे ठरत नाही, कारण रिमची रुंदी, भार आणि जागा या कसोट्या अजून बाकी आहेत.

तेरा इंची रिमच्या जुन्या गाड्यांना ही पद्धत जास्त उपयोगी पडते, कारण त्यांची मापे दुकानांतून कमी होत चालली आहेत आणि मूळ माप सापडले तरी ते बराच काळ रॅकवर पडून असलेले असू शकते. १५५/८० आर १३ चा व्यास ५७८.२ मिलिमीटर आहे, तर १७५/७० आर १३ चा ५७५.२. फरक अर्धा टक्का. भाराच्या बाबतीतही दुसरे माप वरचढ आहे. रिम पुरेशी रुंद असेल तर ही अदलाबदल चालण्यासारखी आहे.

रिमची रुंदी

रिमची रुंदी रिमवरच कोरलेली असते, पण ती बाहेरून दिसत नाही. स्टेपनी काढून उलटी करावी आणि आतल्या बाजूला साचलेली वाळकी माती ओल्या फडक्याने पुसावी. हवेच्या वॉल्व्हजवळ किंवा बोल्टांच्या भोकांच्या आसपास ५½ जे × १५ किंवा ५ जे × १४ असा मजकूर सापडतो. अलॉय असेल तर तो एखाद्या आऱ्याच्या मागे असतो. पहिला आकडा रिमच्या दोन कडांमधले इंचातले अंतर, "जे" हे अक्षर कडेच्या आकाराचे चिन्ह, आणि शेवटचा आकडा व्यास. पुढे ईटी ४५ असे काही लिहिलेले असेल तर रिमच्या मध्यापासून बोल्ट बसतात तो पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, ते त्यावरून कळते. रिम तीच ठेवायची असल्याने ईटीची काळजी आपल्याला नाही. स्टेपनी वेगळ्या रिमची असेल, आणि हल्ली अलॉय असलेल्या गाड्यांत ती बहुधा लोखंडी येते, तर गाडीवरची एक रिम उतरवून पाहणे भाग आहे.

प्रत्येक टायरमापासाठी रिमच्या रुंदीची मान्य मर्यादा ठरलेली असते आणि टायर कंपन्यांच्या तक्त्यांत ती मिळते. १८५/६५ आर १५ साठी ती ५ ते ६½ इंच आहे, तर १९५/६५ आर १५ साठी ५½ ते ७ इंच. म्हणजे साडेपाच इंची रिमवर १८५/६५ मध्याच्या जवळ बसतो, तर १९५/६५ मर्यादेच्या अगदी खालच्या टोकाला. रिम पाचच इंच असेल तर १९५/६५ बसवूच नये, मग तो यंत्रावर कितीही सहज चढो. यंत्रावर तो चढतोच, आणि "बघा, बसला की" असे म्हणायला दुकानदार मोकळा होतो.

अरुंद रिमवर रुंद टायर बसला की त्याच्या दोन्ही भिंती आत ओढल्या जातात आणि टायर मध्ये फुगतो. रस्त्याला त्याचा मधला भाग जास्त टेकतो, म्हणून मधली नक्षी लवकर झिजते आणि कडा नव्या दिसत राहतात. वळणावर भिंत लवते आणि स्टेअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर उशिरा वळते. शिवाय रुंदीसाठी जो पैसा मोजला ती रुंदीही पूर्ण मिळत नाही, कारण टायरवर छापलेली रुंदी एका ठरावीक रिमवर मोजलेली असते. रिम अर्ध्या इंचाने कमी झाली की टायरची प्रत्यक्ष रुंदी साधारण पाच मिलिमीटरने घटते.

रिमबद्दल आणखी एक. खड्ड्यात आपटून वाकलेली लोखंडी डिस्क हातोड्याने ठोकून सरळ करून घेण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ट्यूबलेस टायरची हवा रिमच्या कडेवरच अडलेली असते. ती कड ठोकून सरळ केली तरी पूर्ण गोल होत नाही, आणि दर आठ दिवसांनी हवा उतरते तेव्हा दोष नव्या टायरला दिला जातो. नवे टायर घेण्याआधी चारही रिम बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून पाहाव्यात आणि हेलकावणारी रिम बदलून मूळ मापाचीच दुसरी घ्यावी.

भार आणि वेग

भार-निर्देशांक पाहणारा गिऱ्हाईक विरळाच. ८८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो, ८५ म्हणजे ५१५, ८४ म्हणजे ५००, ८२ म्हणजे ४७५, ९१ म्हणजे ६१५. मूळ टायरपेक्षा कमी निर्देशांकाचा टायर कोणत्याही कारणाने बसवू नये, आणि येथे सवलतीला जागा नाही. वर आलेले १८५/६० आर १५ हे माप पुन्हा पाहा. रुंदी तीच, रिम तीच, किंमतही कदाचित थोडी कमी. पण त्याचा नेहमीचा निर्देशांक ८४ आहे, म्हणजे मूळ ८८ च्या मानाने प्रत्येक चाकामागे ६० किलोची घट. भिंत बुटकी झाली की आतली हवा कमी मावते, आणि भार पेलते ती हवा. सात जणांसाठीच्या गाडीत दहा जण बसवून तुळजापूरला किंवा परळीला जाणाऱ्यांच्या प्रदेशात ही घट कागदावरची राहत नाही.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो आणि रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून बराच तापतो. टायर फुटतो तो बहुधा आतल्या उष्णतेने, आणि ती उष्णता भिंत सतत दबून सुटल्याने तयार होते. भार जास्त, हवा कमी आणि वेग सलग, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की भिंत जास्त दबते. फुटलेल्या टायरला लोक "हवा जास्त झाली" म्हणतात, मात्र कमी हवेचा टायर त्याहून लवकर तापतो. म्हणून उन्हात चालून आलेल्या गरम टायरमधली हवा वाढलेली दिसली तरी ती सोडू नये. हवा सकाळी, टायर थंड असताना, स्टिकरवरील आकड्याप्रमाणे भरावी.

काही टायरांवर एक्सएल असे लिहिलेले असते आणि त्यांचा निर्देशांक त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा जास्त असतो. त्यांची बांधणी मजबूत असते, पण जादा भार ते जादा हवेवरच पेलतात. एक्सएल घेऊन हवा कमी ठेवणाऱ्याला फक्त कडक टायर मिळतो.

वेगाच्या चिन्हात एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी १९०, एच २१० आणि व्ही २४०. "आपण कुठे २०० ने चालवतो" म्हणून हे चिन्ह दुर्लक्षिले जाते, परंतु ते टायर किती उष्णता सोसू शकतो याचेही निदर्शक असते. तेही मूळ टायरच्या खाली जाऊ नये.

काळी माती आणि चाकाची जागा

व्यास, रिम आणि भार जुळले तरी टायर गाडीच्या आत कोठे घासत नाही ना, हे पाहावे लागते. पुढची चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, गाडीत माणसे बसवून, आणि शक्य असेल तर एखाद्या उंचवट्यावर एक चाक चढवून. सर्वांत अडचणीची जागा आतल्या बाजूला असते. तेथे सस्पेन्शनच्या स्प्रिंगची खालची वाटी टायरच्या वरच्या कडेच्या अगदी जवळ येते, आणि वाकून टॉर्च मारल्याशिवाय ती दिसत नाही. पोळ्याच्या बैलांसाठी मळतात तशी थोडी माती मळून तिचा बोटभर जाड गोळा त्या जागी आणि मडगार्डच्या आतल्या कडेवर दाबून चिकटवावा. मग चौघांना बसवून अंगणात गाडी हळू, पूर्ण वळवून, दोन्ही दिशांना फिरवावी. गोळा जसाच्या तसा राहिला तर जागा आहे. चेपून नखाएवढा झाला असेल तर ते माप सोडून द्यावे.

टायर रुंदीने दहा मिलिमीटर वाढला की आत पाच आणि बाहेर पाच असा सरकतो, आणि व्यासाची वाढ वरच्या बाजूला निम्मी येते. आकडे लहान वाटतात, पण आपल्याकडे या जागेत नुसती हवा नसते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीतून गाडी नेणाऱ्याला ठाऊक आहे की ही माती टायरला चिकटते, टायरबरोबर फिरते आणि मडगार्डच्या आत थरावर थर बसत जाते. जागा मोकळी असेल तर थर आपोआप तुटून पडतो. टायरने जागा आधीच व्यापली असेल तर माती दाबून बसते, वाळली की विटेसारखी होते, आणि आतले प्लास्टिकचे आवरण उखडते. शहरातल्या डांबरी रस्त्यावर चालणारे मोठे माप गावाकडे का चालत नाही, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

चिखलासाठी रुंद टायर घ्यावा ही समजूतही तपासून घेण्यासारखी आहे. वरचा थर ओला आणि खाली जमीन घट्ट असते तेव्हा अरुंद टायर चिखल कापत खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो, तर रुंद टायर वर तरंगत घसरतो. साचलेल्या पाण्यावरही रुंद टायर लवकर तरंगतो, आणि महामार्गावर वेगात तसे घडले की स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. पाऊस लागून राहिल्यावर खोलवर भिजलेल्या काळ्या रानात मात्र कोणतेच माप कामाला येत नाही. तेथे शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.

बोलेरोवाल्यांचा मोह वेगळा आहे. तिचे माप २१५/७५ आर १५, व्यास ७०३.५ मिलिमीटर. गाडी दणकट दिसावी म्हणून २३५/७५ आर १५ चढवला जातो. त्याचा व्यास ७३३.५ होतो, म्हणजे ४.३ टक्क्यांची वाढ. या मापाला रिम किमान सहा इंच लागते, म्हणजे सहा इंची रिमवर तो मर्यादेच्या काठावर बसतो. बदल हवाच असेल तर २३५/७० आर १५ चा व्यास ७१० येतो आणि वाढ एका टक्क्याच्या आत राहते. रिम आणि आतली जागा पाहून त्याचा विचार करता येईल. तरीही ज्यांची बोलेरो शेतातून आणि दगडी वाटांवरून चालते त्यांनी मूळ मापातच थोड्या खोल नक्षीचा टायर घ्यावा, असे माझे मत आहे. पकड नक्षीतून जास्त मिळते, रुंदीतून कमी.

कायदा आणि दुकान

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ वैशिष्ट्यांपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरचे माप कंपनीने सांगितल्याप्रमाणे असावे असे आहे. रस्त्यात थांबवून कोणी टायरचे माप वाचत बसत नाही हे खरे आहे. अपघातानंतर विम्याचा पाहणी अधिकारी मात्र ते वाचतो, आणि वेगळे माप दिसले तर आक्षेपाला जागा मिळते. कंपनीच्या पुस्तिकेत नाव असलेले माप निवडण्याचा हा आणखी एक फायदा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झालेला टायर कायद्याने बाद असतो. खाचांच्या तळाशी असलेले रबरी उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की तेवढी झीज झाली असे समजावे. समृद्धीवर गुळगुळीत टायरांच्या गाड्या अडवून परत पाठवण्याची मोहीम परिवहन विभागाने घेतली होती, ती या झिजेवरूनच.

दुकानात गेल्यावर माप सांगताना आकडे पूर्ण सांगावेत, भार आणि वेगाच्या चिन्हासकट, आणि टायर आणून समोर ठेवल्यावर ते स्वतः वाचावेत. भारतीय मानकाचा आयएसआय शिक्का पाहावा. भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. दुर्मीळ मापाच्या शोधात असणाऱ्याने हे आकडे हमखास पाहावेत, कारण कमी खपणारे माप कोपऱ्यात वर्षानुवर्षे पडून राहते आणि वरून पॉलिश मारले की ते नव्यासारखेच चमकते. चारही टायरांचे आठवडे जवळपास असावेत, आणि माप, भार-चिन्ह व तारखेचे आकडे पक्क्या बिलावर लिहून घ्यावेत.

पैशाच्या अडचणीमुळे दोनच टायर बदलायचे असतील तर माप बदलू नये. मूळ मापाचे दोन घ्यावेत आणि ते मागच्या चाकांना बसवावेत. इंजिनची ओढ पुढच्या चाकांना असली तरी ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली की गाडी गरकन फिरते आणि सावरता येत नाही. एकाच आसावर दोन मापे तर कधीच नसावीत, कारण मग डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहते. चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारख्याच झिजेचे लागतात.

माप बदलून चार टायर घातले तर हवेचा आकडाही पुन्हा पाहावा लागतो. नव्या टायरचा भार-निर्देशांक मूळ टायरइतका किंवा त्याहून जास्त असेल आणि तो साध्या बांधणीचा असेल तर स्टिकरवरचा आकडा चालतो. एक्सएल असेल तर टायर कंपनीच्या तक्त्यातून घ्यावा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर बोल्ट पुन्हा आवळून, टायरच्या आतल्या कडेवर घासल्याची चकचकीत रेघ उमटली आहे का ते टॉर्चने पाहावे. स्टेपनी तेवढी जुन्या मापाची राहते. तिचा व्यास नव्या चाकांपेक्षा एक-दोन टक्क्यांनी वेगळा असेल तर पंक्चरच्या दुकानापर्यंत ताशी साठ-सत्तरच्या आत जायला ती पुरते. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत ती शक्यतो मागे लावावी. पुढचे चाक पंक्चर झाले असेल तर मागचे चांगले चाक पुढे आणून स्टेपनी मागे टाकायला दहा मिनिटे जास्त लागतात, तेवढी द्यावीत.